शेवटचा शब्द आणि बल्गेरियाची मेंढी

सिनेमा निवडणं हे बायको निवडण्यापेक्षा अवघड आहे, असं मी एकदा ग्लेनिसच्या बेकरीत बोलून गेलो. पाव घेऊन घरी पोचलो तर ते वाक्य माझ्या आधीच पोचलेलं. नोएलीन दारात उभी होती. "तुला निवडायला दिलं होतं कुणी?" एवढंच तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. आमच्या लग्नात निवड तिने केली होती, मी फक्त हजर होतो.

सिनेमे मात्र मीच निवडतो. हा लग्नाआधीपासूनचा रिवाज आहे. महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही दोघं आमच्या कूरंबा गावाहून डनफील्डला जातो, दुपारचा खेळ बघतो, नदीकाठच्या बाकावर बसून तळलेला मासा खातो आणि कांगारू रस्त्यावर यायच्या आत घरी परततो. दुष्काळात गेलो, मुलं लहान असताना गेलो, माझा गुडघा बदलला तेव्हा कुबड्या घेऊन गेलो. डनफील्ड काही शेजारी नाही. सिनेमा वाईट निघाला की येतानाचा रस्ता आणखी लांब होतो, कारण नोएलीन एक अक्षर बोलत नाही. नुसती गव्हाची शेतं बघत बसते. आणि आमच्याकडे गव्हाची शेतं पुष्कळ आहेत.

अलीकडे तो रस्ता फारच लांबत चालला होता. मागच्या खेपेला मी पाणबुडीचा सिनेमा निवडला. त्या पाणबुडीतले दिवे सुरुवातीलाच गेले ते शेवटपर्यंत आले नाहीत. आम्ही तिकीट काढून अंधार बघितला. त्याआधीच्या सिनेमात एक कुत्रा होता. पोस्टरवर तो चक्क हसत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पॉपकॉर्नचा पहिला घास घशाखाली उतरायच्या आत कुत्रा मेला आणि उरलेला सगळा वेळ माणसं त्याच्या आठवणी काढत बसली.

म्हणून या सोमवारी, पेपरात नव्या सिनेमांची जाहिरात आली तशी नोएलीनने चष्मा काढला. ती चष्मा काढून बोलायला लागली की मी खुर्चीत सरळ बसतो.

"क्लाइव्ह, हा शेवटचा. हाही तसाच निघाला ना, तर पुढच्या महिन्यापासून शनिवारी मी ग्लेनिसबरोबर चर्चच्या गायनाला जाणार."

"आणि मी?"

"तुला कुत्रा आहे की. आपला जिवंत आहे."

मी हसलो खरा, पण पेपर लगेच माझ्याकडे ओढून घेतला. घरी नोएलीनच्या हातात सतत काहीतरी असतं. विणकाम, भाजी, फोन, दुसऱ्याचं पोर. तो एक शनिवार असा, की ती रिकाम्या हाताने माझ्या शेजारी बसते. तो मला हवा होता. अगदी स्पष्ट सांगायचं तर त्यातला सिनेमा हा भाग मला फारसा महत्त्वाचा कधी वाटलाच नाही, आणि निवडीत चुका होतात त्या त्यामुळेच.

या वेळी मात्र चार जणांना विचारून, पूर्ण अभ्यास करून ठरवायचं, असा मी निश्चय केला. आता नवे सिनेमे आमच्याकडे लागतात गुरुवारी. म्हणजे सोमवारी ते कुणीच पाहिलेले नसतात. पण न पाहिलेल्या गोष्टीबद्दल सल्ला द्यायला कूरंब्यात कोण मागे हटलंय!

सुरुवात मर्व्हपासून केली. मर्व्हचं शेत आमच्या कुंपणाला लागून आहे. कित्येक वर्षांत त्याने एकही सिनेमा पाहिलेला नाही, त्यामुळे त्याची मतं पक्की असतात. मी कुंपणावर पेपर पसरला.

"पहिल्यात शर्यतीच्या गाड्या आहेत. उडतात म्हणे."

"गाडी उडाली म्हणजे चालवणारा गाढव. आमचा पुतण्या उडाला होता. कालव्यात सापडला."

"दुसऱ्यात दीपगृहात भूत आहे."

"तिथं काय करणार ते? दिवा लावणार?"

"बरं, तिसरा. पॅरिसमध्ये केक करणारी एक बाई आणि कर वसूल करणारा अधिकारी. दोघांचं प्रेम जमतं."

"करवाला? प्रेमात? मग भुताचा सिनेमा हाच की."

चौथा मी उगाच वाचला. "बल्गेरियातली एक म्हातारी लंगडी मेंढी घेऊन डोंगर ओलांडून बहिणीकडे जाते. सगळं बल्गेरियन भाषेत, खाली अक्षरं येतात. सिनेमा लांबलचक आहे."

मर्व्हने कुंपणावर दोन्ही कोपरं टेकली. मग म्हणाला, "जात कुठली?"

"बल्गेरियन."

"अरे म्हातारीची नाही लेका, मेंढीची!"

ते पेपरात दिलेलं नव्हतं. तेव्हा त्याचा त्यातला रस संपला, असं मला वाटलं.

ग्लेनिस म्हणाली, पॅरिसचाच बघा, निदान केक तरी दिसतील. नोएलीनच्या बहिणीचंही मत तेच पडलं. मलाही तो बरा वाटला. बाई जिवंत, अधिकारी जिवंत, कुत्रा कुठेच नाही आणि केक करायचे म्हणजे दिवे लागणारच. बुधवारी सकाळी मी मनाशी पॅरिस पक्कं केलं. त्याच दिवशी दुपारी पिठाच्या गिरणीच्या वळणावर एक कांगारू माझ्या गाडीसमोर आलं. कांगारू उठून अंग झटकून निघून गेलं. गाडीला ते जमलं नाही. गॅरेजवाला म्हणाला, रेडिएटर शहरातून मागवावा लागेल, पुढच्या आठवड्यात येईल. गॅरेजवाल्याचा पुढचा आठवडा कधी येतो, हे मी आजवर नीट पाहिलेलं नाही.

"मग नगरपालिकेची बस घे की," मर्व्ह म्हणाला. "एरवी नुसती उभीच असते. मीही येतो."

इथवर हा प्रश्न दोन माणसांचा होता, याची कृपया नोंद घ्यावी.

नगरपालिकेच्या खिडकीत ब्रॉन्विन बसते. ती माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. तिला सायकल मी शिकवली. पण खिडकीच्या आत गेली की ती नगरपालिका असते.

"नाव?" तिने विचारलं.

"ब्रॉन्विन, अगं…"

"माझं नाही, अर्जदाराचं."

मी माझं नाव सांगितलं. तिने ते नव्यानेच ऐकल्यासारखं लिहून घेतलं आणि मग नियम सांगायला सुरुवात केली. दोन माणसांसाठी बस मिळत नाही, निदान आठ लागतात. बस चालवणार नगरपालिकेचाच माणूस, म्हणजे तीच. बस सूर्यास्ताच्या आत गावात परत आली पाहिजे. आणि प्रवासाचं कारण वैद्यकीय, क्रीडाविषयक किंवा सांस्कृतिक असलं पाहिजे.

"सिनेमा," मी म्हणालो.

"करमणूक बसत नाही."

"पॅरिस आहे त्यात. पॅरिस सांस्कृतिक नाही?"

"केक आहेत ना? मग ते खाद्यपदार्थात जातं." तिने माझ्या हातातला पेपर ओढून घेतला. "गाड्या नाहीत चालणार. भूत… भूत सांस्कृतिक असतं का ते साहेबांना विचारावं लागेल आणि साहेब रजेवर आहेत. हे काय आहे? खाली अक्षरं येतात?"

"येतात, पण ब्रॉन्विन…"

"मग हे सांस्कृतिक," असं म्हणून तिने शिक्का उचलला. "घ्यायची का बस?"

अशा रीतीने, पूर्ण अभ्यासाअंती, माझ्यासाठी सिनेमा ठरला. पण शिक्का पडण्याआधी नोएलीनला विचारणं भाग होतं. ती त्या दिवशी बहिणीच्या शेतावर गेलेली. तिकडे फोन लागायचा तर आमच्या गावात पाण्याच्या टाकीखाली, पूर्वेकडे तोंड करून उभं राहावं लागतं.

आता इथे आमच्या बोलण्याची पद्धत सांगायलाच हवी. कूरंब्यात कुणी कशाला 'छान' म्हणत नाही. 'वेगळं आहे' म्हणजे टाकाऊ. 'ठीक आहे' म्हणजे पुन्हा देऊ नका. आणि सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे 'वाईट नाही'. मर्व्हने आपल्या पहिल्या नातवाला हातात घेतलं तेव्हा तो 'वाईट नाही' म्हणाला आणि डोळे पुसायला गोठ्यात गेला. दुसरी गोष्ट हो-नाहीची. आमच्याकडे कुणी 'हो, नाही' म्हटलं तर तो नकार. 'नाही, हो' म्हटलं तर होकार. पहिला शब्द नुसता 'ऐकलं बरं का' एवढ्यापुरता. खरा शब्द शेवटचा. पाळण्यातल्या पोरालाही हे कळतं.

मी टाकीखाली उभा राहून ओरडलो, "नोएलीन, गाडी बंद पडलीय! नगरपालिकेची बस मिळतेय! मर्व्ह, ग्लेनिस, सगळेच येतील बरोबर! सिनेमा बल्गेरियाच्या मेंढीचा! घेऊ का?"

पलीकडे वारा होता. मग तिचा आवाज आला. "हो…"

आणि फोन तुटला.

मी एवढा जन्मजात कूरंब्याचा माणूस. तो एक शब्द घेऊन मी उड्या मारत खिडकीकडे परत गेलो. त्यानंतर काहीतरी यायचं राहिलंय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. शिक्का पडला. ब्रॉन्विनने खिडकी बंद केली, बाहेर आली आणि माझ्या गालाची पापी घेऊन म्हणाली, "क्लाइव्हकाका, काकूला विचारलंस ना रे?"

बेकरीच्या काचेवर चिठ्ठी लागल्यापासून बस भरायला वेळ लागला नाही. पाच मैलांच्या परिसरात ज्याच्याकडे म्हणून मेंढी होती, त्याने नाव दिलं. संध्याकाळी नोएलीन आली ती बेकरीवरूनच.

"मी 'हो, नाही' म्हणाले होते."

"फोन तुटला गं."

"तुटला तर थांबायचं! या गावात जन्म काढलास ना तू? 'हो' ऐकून कुणी निघतं का?"

मी नियमांचं सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं आणि मग आवाज न चढवता म्हणाली, "सिनेमा कसाही असता तरी चाललं असतं मला, क्लाइव्ह. अंधारसुद्धा बघितला की तुझ्याबरोबर. आपल्या दोघांचा शनिवार होता तो, तू त्याची गावजत्रा केलीस."

दिवसभर अर्जदार म्हणून मान ताठ ठेवली होती, ती तिथे खाली गेली.

शनिवारी बस निघाली. ग्लेनिसने डबाभर नारळ लावलेले चॉकलेट केक आणले होते. पॅरिस हुकलं, निदान केक तरी हवेत, असं तिचं म्हणणं. नोएलीन तिच्या शेजारी बसली. मी मागे मर्व्हजवळ. बल्गेरियात लोकर कशी निघत असेल, यावर मर्व्ह डनफील्ड येईपर्यंत बोलत होता आणि मी पुढच्या बाकावरची नोएलीनची मान बघत होतो.

थिएटरच्या मालकीणबाई आम्हाला बघून गांगरल्या. गुरुवारपासून त्या सिनेमाला एकच माणूस आला होता आणि तोही पावसात अडकला म्हणून. "तुम्हाला गाड्यांचा हवाय का? तो पलीकडे आहे," त्या म्हणाल्या.

"आम्ही सांस्कृतिक आहोत," मर्व्हने त्यांना सांगितलं.

आत नोएलीन ग्लेनिसबरोबर पुढच्या रांगेत गेली. मी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवली आणि तिच्यावर कोट टाकला. कशासाठी, ते विचारू नका.

सुरुवातीचा अर्धा भाग पडद्यावर कमी आणि आमच्या रांगांत जास्त झाला. म्हातारीने मेंढीला उचललं तसा मर्व्ह ओरडला, "अशी धरतात होय? पुढचे पाय सोड! पुढचे सोड, बाई!" पाय बांधला त्या फडक्यावर वाद झाला. खूर कुजला असणार, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, छे, काटा आहे. खालची अक्षरं कुणी वाचतच नव्हतं, सगळे खूर बघत होते. मालकीणबाई दोनदा दार उघडून बघून गेल्या.

मग हळूहळू आवाज कमी झाला. म्हातारी का चाललीय, ते कळायला लागलं. बहिणीशी तिचं भांडण झालेलं, तेही या मेंढीच्या आजीच्या पणजीवरून. आता तेवढं एकच जनावर उरलेलं, ते परत द्यायला निघालेली. घाटात बर्फ सुरू झाला. मेंढी ओढ्यात घसरली आणि म्हातारी, गुडघ्यापर्यंत पाण्यात, तिला पाठीवर घ्यायला लागली. पुढचे पाय सोडून, बरोबर. मर्व्हने टोपी काढली.

तेवढ्यात अंधारात कुणीतरी माझा कोट उचलून माझ्या मांडीवर टाकला आणि शेजारी बसलं.

"ग्लेनिस फार मोठ्याने रडते," नोएलीन कुजबुजली. "काही ऐकू येत नाही."

सिनेमा बल्गेरियन भाषेत होता, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं नाही. तिचे दोन्ही हात रिकामे होते. त्यातला एक जरा वेळाने माझ्या हातात आला. पडद्यावर म्हातारी डोंगर उतरली, गावात आली, एका निळ्या दारापाशी थांबली. मेंढीला खाली ठेवलं. दार वाजवलं. आतून पावलं ऐकू आली. कडी वाजली. दार जरासं उघडलं…

"सूर्यास्ताच्या आत गावात पोचायचंय!" ब्रॉन्विन उभी राहिली. "चला, उठा. बस निघणार."

जो आरडाओरडा झाला तो मी लिहीत नाही. "ब्रॉन्विन, दार उघडतंय गं!" मर्व्ह अक्षरशः विनवण्या करत होता.

"कांगारू थांबत नाहीत, मर्व्हकाका. सही मी केलीय. नियम म्हणजे नियम."

पण दाराकडे जाताना ती स्वतः उलटी चालत होती, पडद्याकडे तोंड करून. तिनेही काही पाहिलं नाही. मध्ये मर्व्हने पुन्हा घातलेली टोपी आली. बाहेर मालकीणबाईंनी विचारलं, कसा वाटला, तेव्हा सगळे अजून मागेच वळून बघत होते. हा सिनेमा आणखी एक आठवडा ठेवते म्हणाल्या, तुम्ही एवढे आलात म्हणून.

बसमध्ये नोएलीन माझ्या शेजारी बसली, पण बोलली नाही. शेतं बघत राहिली. मला हा रस्ता पाठ होता. मी मनातल्या मनात कुत्र्याशी बोलणी सुरू केली. मागे मात्र दंगल चालू होती. बहिणीने दार पूर्ण उघडलं असणार. छे, तोंडावर लावलं असणार. अरे, बहीण केव्हाच मेली असेल, ती सून असेल. मेंढी आत घेतली का, ते सांगा आधी!

गिरणीचं वळण आलं तेव्हा सगळे बोलून दमले होते. त्या शांततेत मर्व्हने घसा खाकरला.

"वाईट नव्हता," तो म्हणाला.

ब्रॉन्विनने आरशातून मागे बघितलं. ग्लेनिसच्या हातातला डबा निसटला. मर्व्हचा नातू आता शाळेत जातो, तेवढ्या वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. मी निवडलेल्या सिनेमाबद्दल तर कुणाच्याच तोंडून नाही. अर्थात तो निवडला होता नगरपालिकेने, पण त्या क्षणी ते सांगत बसण्यात मला काही अर्थ दिसला नाही.

मी धीर केला. नोएलीनकडे वाकलो आणि हळूच विचारलं, "रेडिएटर आला तर पुढच्या शनिवारी परत जायचं? शेवट बघायला? आपण दोघंच?"

तिने शेतांवरची नजर काढली नाही. "नाही…" ती म्हणाली.

मी थांबलो. या वेळी हललोसुद्धा नाही. बस खड्ड्यातून गेली, ब्रॉन्विनने गियर बदलला, कुंपणाशी बसलेलं एक कांगारू आमच्याकडे बघत मागे पडलं.

"…हो," नोएलीन म्हणाली. आणि हसली.

एवढ्यात आमच्या दोघांच्या खुर्च्यांच्या मधून मर्व्हचं डोकं पुढे आलं. "पुढच्या शनिवारी ना? मग किती वाजता निघायचं आपण?"

"हो," मी म्हणालो. आणि शेवटचा शब्द पुन्हा कुठे हरवू नये म्हणून पूर्ण मागे वळलो, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं, "नाही."